शेपूट आलं का

सोमवार, ३ मार्च

नवी वही, नवं घर, नवी नोकरी. तिन्ही एकदम सुरू झाली म्हणून आधी समास आखला, तारीख घातली आणि मगच पेन टेकवलं. बाबा म्हणतात, ही चहा प्यायच्या आधीसुद्धा समास आखेल.

क्वार्टर दोन खोल्यांचं आहे, पण उजेडाचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी बाबांची खाट लावली. त्यांना दिसत नसलं तरी ऊन कुठून येतं ते चेहऱ्याला कळतं. आतली खोली मला आणि धाकटीला. तिथेच एका अंगाला ओटा आणि मोरी. भिंती खालून हातभर पांढरट झाल्यात. इथल्या मिठाच्या खाणीचे बोगदे आमच्या या चाळवजा ओळीखालून गेलेत म्हणे, ते मीठ वर चढतं. धाकटीने सामान उतरवायच्या आधी भिंतीला बोट लावून चाटलं आणि जाहीर केलं की आता भाजी अळणी झाली तर ताईला ताट घेऊन भिंतीशी बसवायचं.

खाणीतून मीठ काढणं कधीच बंद झालंय. आता लोक ती बघायला येतात. त्यांना आत फिरवून माहिती सांगणाऱ्या बाई आहेत, त्यांची मी मदतनीस. व्यवस्थापक साहेब स्वतः फाटकापर्यंत आले होते. सारखे घड्याळ बघत होते, पण बोलणं गोड.

संध्याकाळी बाबांनी नव्या घरात हजेरी घेतली. त्यांची दृष्टी गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि धाकटी पाळण्यात. ते मास्तर होते; शाळेची नोकरी सुटली तसे घरीच आम्हा दोघींचे मास्तर झाले. गणित घालायचे आणि मध्येच हाक मारायचे, थोरली? मी म्हणायचे, आहे. धाकटी? आहे. मूल जागेवर आहे की पळालं, हे त्यांना दुसरं कसं कळणार. मग ती सवयच झाली. आजही दोन्ही खोल्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यातून आम्हाला उत्तरं द्यायला लावली आणि त्यावरून घर केवढं आहे ते समजून घेतलं. धाकटीने एकदा माझ्या आवाजात उत्तर दिलं. ती कुणाचीही हुबेहूब नक्कल करते. बाबा फसले नाहीत. म्हणाले, थोरली श्वास घेऊन बोलते, तू बोलून झाल्यावर श्वास घेतेस.

बरं वाटतंय. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिघं पोटभर हसलो.

बुधवार, ५ मार्च

आज खाली उतरले. लोखंडी जाळीचा पाळणा आहे, तो चालवणारे काका तोंडात लवंग धरून बसतात. पाळणा सुटला तेव्हा मी जाळी घट्ट धरली, तर काका म्हणाले, पोरी, खाली जाताना भीती वाटणं बरं, वर येताना वाटली तर अवघड.

खाली हवा कोरडी आणि गार. भिंती दुधी, काचेसारख्या कुठेकुठे. पाळण्यापासून एक बोगदा निघतो, पाच वळणं घेतो आणि फिरून पाळण्यापाशीच येतो. एवढा अरुंद की लोकांना एकामागे एक चालावं लागतं. बाई पुढे, मागे अख्खी रांग, आणि रांगेचं टोक मागच्या वळणाआड. म्हणून इथे एक पद्धत आहे. पाहुण्यांतल्या एकाला शेवटी चालायला लावतात आणि त्याच्या गळ्यात लाल रुमाल बांधतात. त्याला म्हणायचं शेपूट. लोकांना मजा वाटते. प्रत्येक वळणावर बाई ओरडून विचारतात, शेपूट आलं का? मागून उत्तर येतं, आलं.

इथवर ठीक. पण उत्तर आल्यावरही बाई तेवढ्यावर पुढे निघत नाहीत. रांगेच्या कडेने अंग चोरत पार मागे जातात, शेपटाच्या खांद्यावर हात ठेवतात, तशाच पुढे येतात आणि मग चालू लागतात. दर वळणाला. लोक कुरकुरतात. आज एक गृहस्थ म्हणाले की या बाईंनी मला आतापर्यंत इतक्या वेळा चेपलंय की घरी सांगायची सोय नाही.

बाईंचा आवाज पार गेलाय. इतकी वर्षं दगडात ओरडून घशात गाठी आल्यात, शेवटच्या वळणावर नुसती हवा निघते. महिनाअखेरीस त्या नोकरी सोडणार. मी विचारलं, उत्तर आल्यावर मागे कशाला जायचं? त्यांनी घशाला हात लावला आणि फुसफुसत सांगितलं, "आवाजावर जायचं नाही. हात लावायचा."

का, ते नाही सांगितलं. घसा जपत असाव्यात.

शुक्रवार, ७ मार्च

साहेबांनी माझ्यावर मोठं काम टाकलंय. वायरलेस संच निवडायचे. बोलणाऱ्याच्या कॉलरला छोटा माइक, कमरेला पाठवणारं यंत्र आणि प्रत्येक पाहुण्याच्या कानात आवाज. ओरडायला नको, माझा घसा बाईंसारखा व्हायला नको. जबाबदारीने रात्रभर झोप नव्हती, पण काम आवडलं.

तीन कंपन्यांचे नमुने आलेत. पहिल्याचं बोंड कानाच्या आत जातं. ते मी बाद केलं. एकाच्या कानातलं दुसऱ्याच्या कानात, कितीही पुसलं तरी माझं मन घेणार नाही. दुसरा संच कानावर अडकवायचा, हलका, दिवसभर बॅटरी टिकते, आणि दोन गट एकदम आत असले तरी चॅनेल वेगळे ठेवता येतात. पण तो एकतर्फी, बोलणाऱ्याचं ऐकू येतं, ऐकणाऱ्याला बोलता येत नाही. तिसरा दुसऱ्यासारखाच, फक्त त्यात एका माणसाच्या यंत्राला बटण आहे. ते दाबलं की त्याचा आवाज माझ्या कानात. म्हणजे शेपटाला उत्तर देता येईल.

आवाजाची पारख बाबांवर सोपवली, त्यांच्याइतके कान कुणाला आहेत. मी ओट्याशी उभी राहून धडा वाचला, ते खाटेवर ऐकत बसले. पहिला म्हणजे बादलीत तोंड घालून बोलतेस, म्हणाले. दुसरा स्वच्छ. तिसराही स्वच्छ, पण तू थांबलीस की एक गंमत होते, म्हणाले. वर्गात प्रश्न विचारल्यावर एखादं पोर उत्तर माहीत असून गप्प बसतं ना, तशी शांतता ऐकू येते.

मी बटणाचं यंत्र पाहिलं. ते खोक्यात होतं आणि त्यात बॅटरी घातलेलीच नव्हती.

नोंद करून ठेवते. उगाच लपवायला नको.

मंगळवार, ११ मार्च

तिसऱ्या संचाचा विक्रेता आला होता. चुणचुणीत, बोलका. खाणीत यंत्र किती लांबवर पोचतं ते बघायचं होतं. त्याने आधीच सांगितलं की मिठाचा दगड मध्ये आला तर एका वळणापलीकडे जाईल, दोन वळणांपलीकडे नाही. कितीही भारी यंत्र आणा.

काकांना शेपूट केलं. पहिल्या वळणावर मी विचारलं, आलं का? कानात काकांचा आवाज, आलं. दुसऱ्याला, आलं. तिसऱ्या वळणाशी डावीकडे एक बोगदा फळ्या ठोकून बंद केलेला आहे. तो आमच्या क्वार्टरांखाली जातो. तिथेही, आलं. चौथ्याला, आलं. आवाज इतका जवळचा की मानेवर हात फिरवावासा वाटला. विक्रेता खूश. मी मात्र बाईंसारखी मागे गेले, सवय मोडायला नको म्हणून.

काका मागे नव्हते. तिसऱ्या वळणापाशी खाली बसून बुटाची नाडी बांधत होते. यंत्र मांडीवर. म्हणाले, दुसऱ्या वळणानंतर मी बटणाला बोट लावलेलं नाही.

विक्रेत्याने समजावलं की दगडात आवाज अडकतो, फिरतो, उशिरा पोचतो. तो समजावत होता तेव्हा काकांनी लवंग थुंकून टाकली.

वर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. खाण चालू होती तेव्हा पाळी सुटल्यावर कामगारही रांगेने निघायचे आणि शेवटच्याला असंच विचारायचे. एकदा शेवटच्याने सगळ्या वळणांवर उत्तर दिलं आणि पाळणा वर गेला तेव्हा तो पाळण्यात नव्हता. लोक खाली धावले, हाका मारल्या. त्याने प्रत्येक हाकेला उत्तर दिलं. कितीतरी दिवस दिलं. माणूस मात्र सापडला नाही. शेवटी त्याच्या बायकोने सांगितलं की हाका बंद करा, आणि तो बोगदा बुजवला. तेव्हापासून हात लावायची पद्धत.

मी विचारलं, हे बाईंना माहीत आहे? काका म्हणाले, बाई त्याच घरातल्या.

गुरुवार, १३ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं, पाणी दिलं. म्हणाले, काका चांगले आहेत पण त्यांना गोष्टी सांगायला आवडतात. मग हिशेब समजावला. दर वळणाला मागे जाण्यात निम्मा वेळ जातो, आता गट दुप्पट करायचे आहेत, रांग आणखी लांब होईल. मागे जाणं बंद म्हणजे बंद. मग तूच सांग, एकतर्फी संच घ्यायचा की दुतर्फी?

मी विचार केला. मागे जाता येणार नसेल आणि उत्तरही येणार नसेल, तर शेवटच्या माणसाचं काय? निदान उत्तर तरी यावं. म्हणून तिसरा संच सुचवला. खाली अट लिहिली, निदान तिसऱ्या वळणावर मार्गदर्शकाने मागे जाऊन शेपटाला हात लावावा. साहेबांनी हसतच त्या ओळीवर रेघ मारली आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला.

मी सही केली.

घरी येऊन बाबांना विचारलं, चुकलं का? ते म्हणाले, तू जेव्हा असं विचारतेस तेव्हा तुला उत्तर आधीच माहीत असतं.

सोमवार, २४ मार्च

संच आले. चाळीस कानातली, एक चार्जिंगची पेटी, आणि लाल पट्टीचं बटणाचं यंत्र. दिवसभर पुसून, क्रमांक लावून ठेवले. खाणीतलं मीठ धातूच्या टोकांवर बसतं म्हणून माइक दररोज घरी आणून साफ करायचं ठरवलंय.

उद्या पहिली फेरी. साहेबांचे पाहुणे येणार. बटण वापरणारा माणूस आपला हवा, गोंधळ नको, असं साहेबांचं म्हणणं. काकांनी सरळ नाही म्हटलं. पाळणा चालवीन, पण तो रुमाल गळ्यात बांधणार नाही.

धाकटी ऐकत होती. मी जाते, म्हणाली. मी नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "ताई, मी आयुष्यभर तुझं शेपूटच आहे. आता निदान रुमाल तरी मिळेल."

बाबा हसले. मीही हसले.

मंगळवार, २५ मार्च. दुपार.

पाळण्यापाशी बाकावर बसून लिहिते आहे. बसून राहा असं सांगितलंय. नीट क्रमाने लिहिते. क्रम महत्त्वाचा आहे, नंतर कुणी विचारलं तर.

साहेब आणि पाहुणे रांगेत पुढे, माझ्या मागेच. धाकटी सर्वांत शेवटी, लाल रुमाल, हातात यंत्र. पहिलं वळण. मी माइकात हळूच विचारलं, शेपूट आलं का? तिने साहेबांच्या आवाजात सांगितलं, आलं, पण उशीर होतोय. ते फक्त माझ्या कानात. हसू दाबताना मला ठसका लागला. दुसरं वळण. तिने बाईंच्या फुसफुशीत आवाजात सांगितलं, आलं.

तिसरं वळण. आलं.

चौथं. आलं.

पाचवं. आलं.

तिसऱ्यापासून नक्कल नव्हती. तिचाच साधा आवाज. माझ्या लक्षात आलं होतं. हे लिहायलाच हवं. तिसऱ्या वळणावर मला वाटलं की आता ही गंमत का करत नाही, आणि मी मागे वळले, आणि साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. आणि मी पुढे चालू लागले. उत्तर आलं होतं ना.

पाळण्यापाशी माणसं एकेक करून बाहेर आली. शेवटचे एक आजोबा आले. त्यांच्यामागे बोगदा रिकामा. मी त्यांना विचारलं, लाल रुमालवाली मुलगी? ते म्हणाले, होती ना मागे, मध्येच कुठेतरी तिची पावलं ऐकू येईनाशी झाली.

मी रिकाम्या बोगद्याकडे बघत विचारलं. शेपूट आलं का?

कानात ती म्हणाली, आलं.

बुधवार, २६ मार्च

अख्खी खाण पालथी घातली. बाहेरून माणसं आली, दिवे आले, कुत्रे आले. कुत्रे तिसऱ्या वळणापर्यंत गेले आणि बसले. तिथे खाली तिचं यंत्र सापडलं. त्याचं झाकण निघालेलं आणि बॅटरी शेजारी पडलेली. म्हणजे तिथून पुढे ते यंत्र बोलूच शकत नव्हतं. फळ्या जशाच्या तशा. खिळ्यांवर मिठाचा थर, कुणीही हात न लावलेला. फळ्या काढून आत शंभर पावलं गेले. पुढे छत खाली बसलंय. धुळीवर एकही ठसा नाही.

साहेब म्हणाले की या वयाच्या मुली कधीकधी घर सोडून जातात, बाहेरही चौकशी करू. मी म्हटलं, ती वर आलीच नाही, पाळणा काकांच्या हातात होता. ते म्हणाले, यंत्रात तर काही दोष नाही ना, उत्तर तुला येत होतं.

गुरुवार, २७ मार्च

बाबांनी दोन दिवस काही खाल्लं नाही. हजेरी घेत नाहीत. मी समोर असले तरी खोली रिकामी असल्यासारखे बसतात.

बाई आल्या होत्या. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, दोष देतील. दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी एकच सांगितलं. हाक मारू नको. प्रत्येक हाकेला ते एक वळण पुढे येतं. माझ्या आजीने थांबायला फार उशीर केला.

मी विचारलं, ती परत येईल का? त्यांनी घशाला हात लावला. या वेळी घशासाठी नव्हता, हे मला कळलं.

शनिवार, २९ मार्च

माइक, त्याचं यंत्र आणि माझं कानातलं घरीच होतं, साफ करायला आणलेलं. मी पाण्याची बादली भरून आत आले तर बाबांच्या कानात ते होतं आणि माइक हातात. चाचपडत शोधलं असणार. मी बादली टाकून धावले.

त्यांची हाक मारून झाली होती. धाकटी?

मला काही ऐकू आलं नाही. बाबांचा चेहरा दिसला. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. त्यांनी कानातलं काढून माझ्या कानाला लावलं आणि पुन्हा हाक मारली.

आहे.

‘आलं’ नाही, ‘आहे’. हा आमच्या घरचा शब्द. खाणीत हा कुणाला माहीत नव्हता. तिच्याशिवाय.

मी यंत्र हिसकावून घेतलं, बॅटरी काढली आणि बाबांना सगळं सांगितलं, बाईंनी काय सांगितलं तेही. म्हटलं, बाबा, ती नाही ती.

ते म्हणाले, "मला कळत नाही का ग? त्यात श्वासच नाही. ना आधी, ना नंतर." आणि थोड्या वेळाने, "पण माझ्याकडे दुसरं काय आहे?"

सोमवार, ३१ मार्च

फेऱ्या पुन्हा सुरू. साहेबांनी मला रजा दिली. दुसरं कुणी फिरवतंय त्याच संचांवर. काका नोकरी सोडून गेले. बाईंचं घर बंद आहे.

माइक, यंत्र, कानातलं, सगळं नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवलं. आता घरात यंत्र नाही.

संध्याकाळी बाबांनी तशीच हाक मारली, हवेत. धाकटी?

उत्तर जमिनीखालून आलं. खोलवरून. पण आलं. बिनयंत्राचं.

बुधवार, २ एप्रिल

बाबांना म्हटलं, आपण इथून जाऊ. आज. सामान राहू दे. ते म्हणाले, ती उत्तर देतेय तोवर मी कसा जाऊ? मी त्यांचे हात धरले, रडले, रागावलेसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर आवाज चढवला. ते ऐकून घेतात. मग मी भाजी चिरायला वळले की हाक.

काल ओट्याखालून उत्तर आलं. मोरीच्या जाळीतून. आज जाळीवर मिठाचा पांढरा थर होता. सकाळी घासून काढला. दुपारी परत.

त्यांचं तोंड बांधू का? वडिलांचं?

गुरुवार

आज जाळीतून नाही, थेट आतल्या खोलीतून.

आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत होतो. दार लोटलेलं. बाबांनी हाक मारली आणि दाराच्या पलीकडे, आम्ही दोघी झोपायचो तिथून, आहे.

मी दार उघडलं. कुणी नाही. तिच्या उशीवर मीठ.

खाली जायचं, तिला शोधायचं, एवढंच मनात येतं. बाबांना एकटं टाकून कशी जाऊ? एका बाजूला ती, एका बाजूला हे. मी कुठेच पुरत नाही.

शुक्रवार

आज बाबांनी जुनी हजेरी घेतली. दोघींची.

थोरली?

मी तोंड उघडलं. श्वास घेतला. आणि मी बोलायच्या आधी आतल्या खोलीतून माझ्या आवाजात —

बाबा म्हणाले, छान. आणि धाकटी? आतून तिचंही, आहे.

मी ओरडले, बाबा, ती मी नव्हते, मी इथे आहे. आतून तेच शब्द आले. माझ्याबरोबर. मग माझ्या जरा आधी. बाबांची मान इकडे वळेना, तिकडे वळेना.

शनिवार

बोलायचं नाही. मी बोलले की ते बोलतं. म्हणून लिहिते. पण लिहिलेलं बाबांना दिसत नाही.

सकाळपासून त्यांच्याशी बोललेले नाही. फक्त हात लावते. हात धरला की त्यांना कळतं की मी आहे. बाईंनी शिकवलेलं तेवढंच उरलंय. हाताची नक्कल नाही होत. आवाजाची होते, हाताची नाही. एवढं धरून बसायचं.

बाबांनी आज चहा घेतला. माझी बोटं चाचपून म्हणाले, थोरलीच. पेनाचा घट्टा आहे.

रविवार. दुपार.

बाबा खाटेवर. मी समोर भिंतीशी, वही मांडीवर. आतलं दार लोटलंय. मी लोटलं नव्हतं.

ते हजेरी घेताहेत. थोरली? आतून, आहे. मी गप्प. धाकटी? आहे. दार थोडं हललं. वारा नाही.

उठून त्यांचा हात धरते. आता लगेच. एवढी ओळ पुरी —

बाबा हसताहेत. आलात का ग दोघी, म्हणताहेत. एवढा गार का तुझा हात, थोरले, म्हणताहेत, आणि खांद्यावरचं काहीतरी थोपटताहेत, पण माझे दोन्ही हात इथे वहीवर आहेत आणि त्यांच्या खांद्यावर —